माती

मोसोरोत बातम्या गाडीवरून येतात :
कोळंबी उतरली, सिलिंडर आले,
कोण वारलं, किती वाजता नेणार.
गाडी जेनिव्हाल्दोची. टपावर चार भोंगे,
डिकीत पंधरा इंची दोन सबवूफर,
कारण मयताच्या बातमीआधी तो ऑर्गन लावतो
आणि ऑर्गनला, त्याच्या मते, पोट लागतं.

अडचण एकच. खालचा सूर आला
की हेडलाइट मावळायचे.
सूर सरला की पुन्हा डोळे उघडायचे.

एदिलेउझाच्या गॅरेजात तो आला
तेव्हा बगलेत कपॅसिटर, थर्मासएवढा,
एक फॅरड, अंगावर निळे आकडे.
"एवढा बसव. दुकानदार म्हणाला, दिवे हलणार नाहीत."

"हा रांजण आहे," ती म्हणाली, "झरा नव्हे.
तांब्याभर पाणी चटकन देईल,
पण पुन्हा भरायचा कुणी?
ज्याला आधीच धाप लागलीय, त्यानंच."
आणि बॉनेट उघडून अल्टरनेटर दाखवला :
पंचावन्न अँपिअर,
दिवे, वायपर आणि एक रेडिओ
एवढाच संसार ओढायला नेमलेला.

तरी बसवला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
मी सतरा वर्षांचा, टेस्ट लॅम्प धरायला.
रिकामा कपॅसिटर थेट जोडला तर ठिणगी हात भाजते,
म्हणून मध्ये दिवा.
तो आधी लख्ख पेटला,
मग पिवळा, मग तांबूस, मग नुसती तार दिसली.
"बिघडला," मी म्हणालो.
"विझला म्हणजे भरला," ती म्हणाली.
इतकी वर्षं झाली, हे वाक्य कुठे ठेवावं मला कळलेलं नाही.

त्या रात्री फेरीत
दिवे मावळलेच.

मग जेनिव्हाल्दोनं मोटरसायकल विकली,
एकशेचाळीस अँपिअरचा अल्टरनेटर आणला,
पट्टा नवा, जाड वायर नवी.
इंजिनाशी मीटर म्हणे चौदा पूर्णांक चार.
डिकीशी, ऑर्गन चालू असताना, अकरा पूर्णांक आठ.
अडीच व्होल्ट वाटेत कुठे सांडतायत?

एदिलेउझा डिकीत गुडघ्यांवर बसली
आणि काळ्या वायरीच्या मागे मागे बोट नेत गेली.
आमच्याकडे ह्या वायरीला माती म्हणतात.
स्पेअर चाकाखाली बोल्ट सापडला,
रंगावरच आवळलेला,
आणि रंगाखाली पांढरं काही फुललेलं.
तिनं नखानं खरवडलं, जिभेला लावलं.
मीठ. ज्या मिठागरांवर अर्धं गाव जेवतं
तिथलंच.

"माती लागलेलीच नव्हती," ती म्हणाली,
आणि बराच वेळ डिकीतून बाहेर आली नाही.
जे आधी बघायचं ते तिनं शेवटी बघितलं होतं,
मध्ये एका माणसाची मोटरसायकल गेली होती.
पत्रा चकाकेपर्यंत घासला. बोल्ट आवळला.
मजुरी घेतली नाही. त्यानंही विचारलं नाही.

आता दिवे हलत नाहीत.
पंधरा दिवस सगळं ठीक.

मग दोना झुल्मिरानं त्याला जाळीच्या दारातून हाक मारली.
"माझ्या लिंदोल्फोचं नाव घेतलंस
तेव्हा तुझ्या गाडीनं डोळे मिटले होते.
काल राइमुंदा गेली, तर गाडी नुसती टक लावून.
तिनं काय केलं होतं रे तुझं?"

जेनिव्हाल्दो हे सांगताना
आमच्या उंबऱ्यावर टोपी हातात घेऊन उभा होता.
"बोल्ट थोडा सैल करता येईल?"

"वायर तापते," एदिलेउझा म्हणाली.
"पत्रा जळतो. पुन्हा मीठ धरतं."
मग तिनं दहा नंबरचा पाना
डिकीच्या कडेवर ठेवला
आणि ती हात धुवायला आत गेली.
नळ बराच वेळ चालू होता.